डबा भुंकायचा तेव्हा

डेपोत तिला फौजदारबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे 'फौजदार'. आणि पाठीमागचंही तिला ऐकू जायचं, कारण कान तिखट. ड्यूटी लावायचं काम तिचं. उद्या कोणता ड्रायव्हर कोणती बस काढणार, कुणाला पहाटेची फेरी, कुणाला रात्रीची, कुणाला सुट्टी आणि कुणाला ठेंगा, हे सगळं तिच्या खिडकीत ठरायचं. काचेला खाली अर्धगोल भोक. भोकापलीकडे ड्रायव्हरांची रांग, अलीकडे ती आणि तिचा डबा.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, माऊस नावाची भानगड नाही. ड्रायव्हरनं बिल्ला नंबर सांगितला की तिची बोटं तो टाकायची, दोन-तीन कळा ठोकायची आणि शेवटी एफ-नाईन. ठक. ड्यूटी लागली. पडद्याकडे बघायची तिला गरजच नसे. आणि एखाद्याची झोप-विश्रांती पुरी झालेली नसली, रात्रीची गाडी करून आलेला गडी पुन्हा पहाटेच्या गाडीला लागत असला, की डबा भुंकायचा. ट्यांव! असा कर्कश की रांगेतला शेवटचा माणूस दचकावा.

"कुत्रं भुंकलं," ती भोकातून ओरडायची. "जा, घरी जाऊन पड. पुढचा!"

हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती. एखादा म्हणायचाच, "बाई, मला चालतंय हो, जास्तीची घेतो," तर त्याला ऐकून घ्यावं लागायचं, "तुला चालतंय, पण तुझ्या मागं बसलेल्या पन्नास जणांना विचारलंस का?" बाई कडक होती, तिरसट होती, कधी कधी चक्क दुष्ट होती. पण तिच्या खिडकीतून निघालेली ड्यूटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळे मानायचे.

अलीकडे ड्रायव्हरांत एक गंमत चालू झाली होती. म्हणे, बाई हल्ली तोंडाकडे बघून बोलत नाहीत, कानाकडे बघून बोलतात. कधी पिळायला मिळेल त्याची वाट बघतात. बाईच्या कानावर ही गंमत गेली तेव्हा ती हसली नाही.

कारण ते खरं होतं. तिला माणसांचे कानच दिसायचे. तोंडाच्या जागी धुरकट डाग. जिथं बघावं तिथलंच नाहीसं व्हायचं आणि आजूबाजूचं शिल्लक राहायचं. धाकट्या बहिणीनं हट्टानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दोघी बहिणी एकत्रच राहायच्या, धाकटीपासून लपवणं शक्य नव्हतं. भाजी निवडताना ताईनं अळी सोडली की ती ओळखायची. डॉक्टर म्हणाला, "मधलं जातंय. कडा राहतील. उलटं फिरवता येणार नाही."

बाहेर पडल्यावर जिन्यातच फौजदारबाईनं बहिणीचा दंड धरला. "याबद्दल बाहेर एक अक्षर काढलंस तर याद राख."

"ताई, अगं, साहेबांना सांगून दुसरं काम मागता येईल…"

"दुसरं काम कोणतं असतं ते मला ठाऊक आहे. मीच वाटते."

डोळे गेलेल्यांसाठी डेपोत एकच जागा होती: अंगणाच्या टोकाला, फाटकाजवळ, हरवल्या-सापडल्याची खोली. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, एकेकटी चप्पल, आणि त्यांच्यावर पहारा करायला वस्ताद. वस्ताद एके काळी डेपोचा पहिल्या नंबरचा ड्रायव्हर. घाटात बस अशी वळवायचा की मागच्या सीटवरचं झोपलेलं पोरही जागं व्हायचं नाही. मग एका तपासणीत त्याची नजर नापास झाली. तो कागद बाईच्या हातात आला तेव्हा तिनं त्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं भोकातून, भर रांगेत. "वस्ताद, उद्यापासून हरवल्या-सापडल्यात. काळजी नको, छत्र्या काही आडव्या येत नाहीत!"

रांग खदाखदा हसली. ते वाक्य डेपोत वर्षानुवर्षं फिरलं. कुणी काही धडकवलं की दुसरा म्हणायचा, छत्र्या सांभाळायला जा. वस्ताद त्या दिवसापासून बाईशी बोलला नाही. आणि आता आपलीच नजर गेली हे कळलं तर आपल्याला त्याच खोलीत, त्याच माणसाशेजारी बसवतील, हा विचार बाईची पाठ सोडत नव्हता. पगार, पेन्शन यांचं तिला एवढं वाटत नव्हतं. खिडकी जाईल याचं वाटत होतं.

तरी निभत होतं. बोटांना सगळं पाठ, कानाला भुंकणं पाठ. डोळ्यांचं काम डबाच करत होता. मग वरच्या ऑफिसला अवदसा आठवली आणि त्यांनी डबा 'अद्ययावत' केला.

एका सोमवारी ती आली तर काळा पडदा गेलेला. त्या जागी पांढराफटक उजेड, त्यावर राखेच्या रंगाची बारीक अक्षरं आणि जिकडेतिकडे गोल गोल चित्रं. प्रशिक्षणाला कंपनीची एक बाई आली होती, गोड आवाजाची. तिनं सगळ्या कारकुनांना गोळा केलं आणि सांगितलं की हे नवं रूप वापरणाऱ्यांचा विचार करून बनवलंय.

"कोणत्या वापरणाऱ्यांचा?" फौजदारबाईनं विचारलं. "आमच्यातल्या कुणाला तर तुम्ही विचारलं नाही."

प्रशिक्षिका हसली. तिला हसायचंच शिकवलेलं असावं. कोपऱ्यातून एक हिरवा पोपट पंख फडफडवत आला आणि बोलला, "नमस्कार! आज काय करूया?"

"आधी तुला उडवूया," स्टोअरवाला म्हणाला. पण पोपट उडत नव्हता. बंद केला की थोड्या वेळानं दुसऱ्या कोपऱ्यातून यायचा.

"आणि ड्यूटी लावताना जो आवाज यायचा," प्रशिक्षिका म्हणाली, "तो फार कर्कश होता ना? तो काढून टाकलाय. आता विश्रांती कमी असेल तर ड्रायव्हरचं नाव हलकंसं नारिंगी होतं. डोळ्यांना त्रास नाही."

फौजदारबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीखाली जी भीती होती ती तिनं कुणाला दाखवली नाही.

पहिल्या आठवड्यात अख्ख्या डेपोच्या नाकी नऊ आले. काम साठवायचं बटण कुठं गेलं ते स्टोअरवाल्याला दुपारपर्यंत सापडेना. बाण एका कोपऱ्यात नेऊन थांबला तरच ते उगवायचं, नाहीतर गुप्त. मागवले टायर आणि आले वायपर. रजेच्या टेबलावरचा म्हातारा कारकून तर तीन आडव्या रेघांकडे बघत बसलेला असायचा. त्या रेघांच्या पोटात सगळं लपलंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काल जे डावीकडे होतं ते आज उजवीकडे, कारण डबा म्हणे आपल्या सवयी ओळखून मांडणी बदलतो. सवय व्हायच्या आत सवय ओळखणारा हा शहाणा कोण, असं म्हातारा विचारायचा आणि पोपट म्हणायचा, "नमस्कार!"

या सगळ्या संतापात फौजदारबाईला तिची वाट सापडली. तिनं खुर्ची फिरवली. पडद्याकडे अर्धी पाठ करून बसली आणि पहिल्या ड्रायव्हरला दारातून आत बोलावलं.

"तू वाच. मी सांगते तिथं दाब. मला त्या पांढऱ्या थोबाडाकडे बघायचीसुद्धा इच्छा नाही."

ड्रायव्हर खूश झाले. बाईच्या खोलीत पाय ठेवायला मिळणं हीच मोठी गोष्ट, वर बाई कॉम्प्युटरला ज्या शिव्या घालायची त्या ऐकायला मिळायच्या. रोज कुणीतरी एकजण वाचायला बसायचा, रांगेतल्यांची नावं बोलायचा, नारिंगी झालं की "बाई, नारिंगी!" म्हणायचा, आणि बाई भोकातून "जा, पड घरी!" म्हणायची. बाईंनी स्क्रीनवर बहिष्कार टाकलाय, अशी बातमी डेपोभर झाली. तिला हार घालायचेच बाकी ठेवले. पुढारीपण आपोआप तिच्याकडे आलं, आणि तिनंही ते घेतलं. जितकी जोरात ओरडेल तितकी ती सुरक्षित होती. तिनंच अर्ज लिहवला, तिनंच सगळ्यांना सांगितलं, उद्या दुपारी साहेबांच्या केबिनसमोर जमायचं. अर्जात पहिली मागणी तिची होती: आवाज परत द्या.

त्या दुपारी डेपो रिकामा होऊन केबिनपुढे लोटला. घोषणा चालल्या होत्या. बाई सगळ्यांना पाठवून खिडकी बंद करायला थांबली होती, तेवढ्यात फोन वाजला. उद्याच्या पहाटेच्या गाडीच्या ड्रायव्हरचे वडील वारले होते. तो येणार नव्हता. जागा भरायला हवी होती, लगेच, कारण गाडी शाळेच्या पोरांची होती.

खोलीत वाचणारा कुणी नव्हता. बाहेर जाऊन एकाला हाक मारली असती तर सगळेच आले असते. पण मग विचारलं असतं, एवढं साधं काम, बाई, तुम्हीच का नाही केलंत? तिनं खुर्ची पडद्याकडे वळवली. पांढऱ्या उजेडात मधला डाग आणखी मोठा झाला. तिनं मान तिरकी केली, कडेनं पाहिलं, राखेवर राख. मग तिनं बघणं सोडलं आणि बोटांना मोकळं सोडलं. ज्याला सगळे लांबू म्हणायचे त्या पोरगेल्या ड्रायव्हरचा बिल्ला नंबर बोटांना पाठ होता. लांबू कधी नाही म्हणायचा नाही. रूप बदललं तरी जुन्या कळा अजून चालत होत्या. नंबर टाकला, कळा दाबल्या, एफ-नाईन.

ती कान देऊन थांबली. डबा भुंकला नाही.

म्हणजे ठीक, असं तिला वाटलं. इतकी वर्षं शांतता म्हणजे ठीकच असायचं. डबा आता भुंकतच नाही हे तिला माहीत होतं, त्यासाठीच तर बाहेर घोषणा चालल्या होत्या. पण कानाला ते माहीत नव्हतं. ती केबिनकडे निघाली आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडली.

लांबू त्या वेळी लांब पल्ल्याच्या गाडीवर होता, रात्र करून पहाटेच्या तोंडावर डेपोत टेकणार होता. आल्यावर त्याला हातात नवी ड्यूटी मिळाली. त्यानं चिठ्ठी शेजारच्या ड्रायव्हरला दाखवली. शेजारचा म्हणाला, "अरे, सांग जाऊन, चुकून लागलीय." लांबू म्हणाला, "बाईंनी लावलीय. बघूनच लावली असेल." त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि बस काढली.

शाळेची पोरं पुढच्या थांब्यावर उभी होती, ती वाचली. लांबूचा डोळा अंगणातच लागला. बस फाटकाकडे वळायच्या ऐवजी सरळ गेली आणि हरवल्या-सापडल्याच्या खोलीची भिंत फोडून आत घुसली. लांबूचा हात मोडला. वस्ताद नळावर पाणी भरायला गेला होता; त्याच्या खुर्चीचा चुरा झाला. अंगणभर छत्र्या.

बाई धावत आली तेव्हा लांबूला नेलं होतं. वस्ताद विटांच्या ढिगात उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. इतक्या वर्षांनी तो तिच्याशी बोलला.

"छत्र्या आडव्या येत नाहीत. बस येते."

"वस्ताद, लागलं नाही ना तुम्हाला?"

"कुणाशी बोलताय? माझ्या कानाशी?" तो जवळ आला. "मी मागेच ओळखलं होतं. मान अशी तिरकी धरता, पायरी पायानं चाचपता. मी गाडीवर असताना शेवटी हेच केलं. सगळी सोंगं माहितीयत मला."

बाईच्या मदतीला नेहमीचा राग धावून आला. "मग जा, सांगा साहेबांना! तुमचं फावलंच आहे."

"मी नाही सांगणार." वस्ताद शांत होता, आणि त्याचं तिला जास्त भय वाटलं. "माझ्या तोंडून गेलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्यानं सूड उगवला. तुम्हीच सांगा, चारचौघांत, मला सांगितलं होतं तसं. नाहीतर गप्प बसा. मी रोज तुमच्या खिडकीसमोर येऊन उभा राहीन. बोलणार काही नाही. नुसता उभा राहीन."

"तुम्ही नीच आहात."

"तुमच्या हाताखाली शिकलो," वस्ताद म्हणाला, आणि खाली वाकून छत्र्या गोळा करू लागला.

चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये झाली. वरच्या ऑफिसातून एक अधिकारी आला होता. प्रशिक्षिका लॅपटॉप घेऊन आली होती आणि आज हसत नव्हती. लांबू गळ्यात हात अडकवून बसला होता, वस्ताद दाराशी उभा होता. बाहेर खिडकीला अर्धा डेपो लटकलेला.

प्रशिक्षिकेनं पडदा सगळ्यांकडे वळवला. "ड्यूटी लावली तेव्हा नाव नारिंगी झालं होतं. नोंद आहे. सिस्टिमनं सूचना दिली होती."

साहेब घाईघाईनं म्हणाले, "रंग फार फिका आहे हो. सगळ्यांचीच तक्रार आहे. बाईंची इतक्या वर्षांत एक चूक नाही. नजरचूक म्हणायची."

"बरं, नजरचूक," अधिकारी म्हणाला. त्याला जेवायच्या आत उरकायचं होतं. "रंग गडद करा, आवाजही परत द्या. बाईंना समज देऊन सोडू. राहिला ड्रायव्हर. झोप झालेली नसताना गाडी नाकारायची, हा नियम याला माहीत होता. नाकारली नाही. याला निलंबित करावं लागेल, लायसन्स पुढं पाठवू."

बाहेरून कुणीतरी बाईंच्या नावानं जयघोष केला; आवाज परत येणार एवढंच त्याला ऐकू गेलं होतं. बाई जिंकली होती. तिला खिडकी मिळाली होती, भुंकणं मिळालं होतं, आता कितीतरी दिवस कुणाला काही कळलं नसतं.

लांबू उठून उभा राहिला. "बरोबर आहे साहेब. माझीच चूक. बाईंनी लावली होती, पण डोळा माझा लागला."

त्याच्या आवाजात जराही राग नव्हता. तो असता तर बाईला सोपं गेलं असतं. रागाला कसं उत्तर द्यायचं ते तिला येत होतं. दाराकडून वस्तादचा श्वास ऐकू येत होता.

"बस खाली, मूर्खा," बाई लांबूवर खेकसली. "मोठा आला चूक घेणारा! तुला कुणी विचारलंय?"

"बाई, शांत व्हा," अधिकारी म्हणाला. "तुम्हाला आम्ही काही करत नाही. रंग लक्षात आला नाही, एवढं लिहून द्या, संपलं."

"रंगाचं काय घेऊन बसलात?" तिचा आवाज चढला, भोकातून चढायचा तसाच, बाहेर लटकलेल्यांनाही नीट ऐकू जावं असा. "तुम्ही माझ्यासमोर हातभर अंतरावर बसलाय. मला तुमचे दोन कान दिसतात. मध्ये तोंड आहे की नाही, देव जाणे. दिसत नाही मला! कधीपासूनच दिसत नाही. या पोराला पहाटेच्या गाडीवर आंधळीनं घातलंय, त्याचं लायसन्स कुणाला पाठवताय?"

बाहेरचा गलका थांबला. प्रशिक्षिकेनं लॅपटॉप मिटला. साहेब नुसतेच "बाई, बाई" म्हणत राहिले. लांबू मात्र बसला, बाईनं बस म्हटलं होतं म्हणून.

"आणि ऐका," ती लॅपटॉपच्या दिशेनं बोट करून म्हणाली. "माझे डोळे गेले हे खरं, तरी हा पोपट बनवणाऱ्यांचं तळपट होवो. तेही लिहून घ्या."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं नाही. लांबूचं लायसन्स राहिलं. हात बरा झाल्यावर तो गाडीवर परत आला. बाईला कुठं बसवायचं यावर साहेबांना फार विचार करावा लागला नाही.

हरवल्या-सापडल्याच्या खोलीची भिंत नवी बांधली, तिला अजून रंग दिलेला नाही. आत आता दोन खुर्च्या आहेत. वस्ताद तिला पाणी विचारत नाही, ती त्याला चहा विचारत नाही. पहिल्या दिवशी त्यानं तिच्यासमोर काड्या मोडलेल्या छत्र्यांचा ढीग टाकला आणि म्हणाला, "चाचपून चांगल्या-मोडक्या वेगळ्या करा. बघायचं कारण नाही." तिनं त्याला खडूस म्हातारा म्हटलं आणि छत्र्या वेगळ्या केल्या. ड्रायव्हर येता-जाता दारात डोकावतात आणि निघून जातात. छत्र्यांची गंमत आता कुणी करत नाही.

एका दुपारी अंगणापलीकडून, तिच्या जुन्या खिडकीतून, आवाज आला. ट्यांव! वरच्या ऑफिसनं शब्द पाळला होता. तिचे हात थांबले. पाठोपाठ नव्या कारकुनाचा बावरलेला आवाज, "काय झालं? हे का वाजतंय?"

बाई उठली, चाचपत दारापर्यंत गेली आणि अंगणभर घुमेल अशी ओरडली, "विश्रांती झाली नाही त्याची! घरी पाठव त्याला!"

"पाठवतो, बाई!" पलीकडून उत्तर आलं.

ती परत येऊन बसली. हातातली छत्री तिनं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"आता भुंकतंय मेलं," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वस्तादनं तिला रडताना ऐकलं. उठून त्यानं दार लावून घेतलं, बाहेरच्या कुणाला दिसू नये म्हणून.